प्रतिसाद: सेशनमधले व्हेरिएबल्स सेव्ह करणं
प्रश्न होता की पायथॉन किंवा आरमध्ये चालू सेशनमधले व्हेरिएबल्स पुढच्या वेळेसाठी कसे सेव्ह करायचे. वर कुणीतरी पायथॉनच्या पिकलने (ऑब्जेक्ट्स फाईलमध्ये साठवायचं मॉड्यूल) अख्खे ग्लोबल्स (सेशनमधली वरच्या पातळीची सगळी नावं) एकदम फाईलमध्ये टाका म्हटलंय, ते चालणार नाही, कारण त्यात इम्पोर्ट केलेली मॉड्यूल्सपण (बाहेरून आणलेला तयार कोड) येतात आणि मॉड्यूल दिसलं की पिकल एरर देऊन मोकळं होतं. त्यापेक्षा डिल ही पायथॉनचीच लायब्ररी घ्या, तिला लॅम्डासुद्धा (बिननावाची छोटी फंक्शन्स) जमतात आणि सगळं सेशन एका ओळीत सेव्ह होतं. डेटाबेस कनेक्शन मात्र असं परत येत नाही, ते नव्यानेच जोडायचं.

आर भाषेत सेव्ह केलेली फाईल लोड फंक्शनने उघडली की त्याच नावाचं आधीचं व्हेरिएबल गुपचूप ओव्हरराईट होतं, विचारतपण नाही, म्हणून मी तरी आरचं सेव्हआरडीएस हे फंक्शनच वापरतो, एकेक ऑब्जेक्ट वेगळा ठेवायचा आणि वाचताना हवं ते नाव द्यायचं. आणि हो, अनोळखी माणसाची पिकल फाईल उघडू नका राव, लोड होतानाच आतला कोड रन होऊ शकतो.