सर्व्हरवर चालतं, डीबीव्हरमधून नाही: घोडं कुठे पेंड खातंय?

रिपोर्टवाली

मी डेव्हलपर नाही, हे आधीच सांगते. महिनाअखेरीला रिपोर्ट काढणं एवढंच माझं काम. आतापर्यंत एक सहकारी सीएसव्ही पाठवायचे, मी एक्सेलमध्ये पिव्होट लावायचे. ते दुसऱ्या टीममध्ये गेले आणि जाताना सर्व्हरचा आयपी (पत्ता), युजर-पासवर्ड, एसएसएचची (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) एक की आणि "आता तूच क्वेरी मार, सोपं आहे" एवढं देऊन गेले.

सर्व्हरवर उबंटू (लिनक्स) आणि पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस, माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस बघायचं ॲप डीबीव्हर.

आधी सरळ आयपी, पोर्ट ५४३२, युजर, पासवर्ड भरला. चक्र फिरत राहिलं आणि शेवटी "कनेक्शन टाइम्ड आउट". मग टर्मिनलमधून एसएसएच करून "पीएसक्यूएल विक्री" (पोस्टग्रेसची कमांड आणि आमच्या डेटाबेसचं नाव) टाइप केलं, तर क्षणात आत! पासवर्डही विचारला नाही. सगळी टेबलं जागच्या जागी. म्हणजे डेटाबेस धडधाकट आहे.

मग डीबीव्हरमध्ये एसएसएचचा टॅब सापडला. तिथे आयपी, पोर्ट २२ आणि की दिली. टनेल (एसएसएचमधून डेटाबेसपर्यंत जाणारी वाट) टेस्ट केला की "कनेक्टेड" येतं, पण मुख्य "टेस्ट कनेक्शन" दाबलं की "द कनेक्शन अटेम्प्ट फेल्ड", आणि तपशिलात कसलंसं ईओएफ एक्सेप्शन. मुख्य टॅबमध्ये होस्ट म्हणून तोच आयपी आहे, तो चुकलेला नाही, चार वेळा ताडून पाहिला. आता हात टेकले.

झटपट_राव

दोन मिनिटांचं काम आहे. पोस्टग्रेसच्या कॉन्फ फाइलीत लिसन_ॲड्रेसेसला (कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं) तारा टाका, पीजी_एचबीएमध्ये (कुणाला कसं आत घ्यायचं ती फाइल) ०.०.०.०/० ला ट्रस्ट द्या, फायरवॉलमध्ये ५४३२ उघडा, रीस्टार्ट. टनेलची कटकटच नको.

जुना_डीबीए

वरचं अजिबात करू नका. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणं, आणि ०.०.०.०/० म्हणजे जगातला कुठलाही आयपीव्ही४ पत्ता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातला प्रकार. ५४३२ उघडा दिसला की त्यावर धडका मारणारे बॉट यायला वेळ लागत नाही.

तुमचं बरंचसं बरोबर आहे, एकच जागा चुकली आहे. आयपी चुकलेला नाही हे खरं, पण त्या जागी आयपी नकोच आहे.

टनेल लावला की मुख्य टॅबमधला होस्ट तुमच्या लॅपटॉपवरून शोधला जात नाही. तो शोधतो टनेलच्या पलीकडच्या टोकाला बसलेला सर्व्हर. तुम्ही तिथे बाहेरचा आयपी दिलात, म्हणजे सर्व्हरला सांगितलंत की "घराबाहेर जा आणि स्वतःचंच दार वाजव". पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर (मशीनचा स्वतःसाठीचा आतला पत्ता, १२७.०.०.१) ऐकतो, तुमच्याकडेही तसंच असणार. त्यामुळे त्या दारावर कुणी ओ देत नाही, पलीकडून जोडणी मिटते आणि डीबीव्हर ईओएफ (एंड ऑफ फाइल, म्हणजे पुढे काही आलंच नाही) म्हणून ओरडतो. खात्री करायची असेल तर सर्व्हरवर "एसएस -एलटीएन" चालवा. ५४३२ च्या ओळीत नुसतं १२७.०.०.१ दिसलं तर माझं म्हणणं खरं.

म्हणून मुख्य टॅबमध्ये होस्ट: लोकलहोस्ट, पोर्ट: ५४३२. खरा आयपी फक्त एसएसएचच्या टॅबमध्ये. कॉन्फला हात लावायची गरज नाही, रीस्टार्टचीही नाही.

आणि एक सवय लावून घ्या: एरर बदलली की वैतागू नका, तुम्ही एक पायरी वर चढलात असं समजा. "टाइम्ड आउट" म्हणजे बहुतेक वेळा फायरवॉलने डेटाचं पॅकेट गिळलं. "रिफ्यूज्ड" म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. "नो पीजी_एचबीए एंट्री" आली तर आनंद माना, खुद्द पोस्टग्रेस तुमच्याशी बोलला, भले नाही म्हणायला का असेना.

(फोनवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीच आहे. फाइलींची आणि कमांडची नावं उच्चारावरून ओळखा.)

रिपोर्टवाली

एसएसमध्ये १२७.०.०.१:५४३२ असंच दिसलं. लोकलहोस्ट टाकलं आणि ईओएफ गेलं! आता नवीन: "पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर". म्हणजे चढले एक पायरी. पण पासवर्ड तर बरोबर आहे, एसएसएचला लॉगिन करताना जो वापरायचे तोच.

जुना_डीबीए

तो लिनक्सचा पासवर्ड झाला. पोस्टग्रेसचे युजर आणि त्यांचे पासवर्ड वेगळे.

सर्व्हरवर पीएसक्यूएलने पासवर्ड विचारला नाही, त्यातच मेख आहे. होस्ट न देता पीएसक्यूएल चालवलं की ते नेटवर्कवरून जातच नाही, युनिक्स सॉकेटमधून (मशीनच्या आतल्या वाटेने) जातं. उबंटूवर त्या वाटेला मुळात "पीअर" पद्धत लावलेली असते: लिनक्समधलं नाव आणि पोस्टग्रेसमधलं नाव एकच असेल तर या आत. टनेलमधून येणारी जोडणी टीसीपीने (नेटवर्कच्या वाटेने) १२७.०.०.१ वर येते. तिला पीजी_एचबीएमधली वेगळी ओळ लागू होते, आणि ती पासवर्ड मागते. तुमच्या पोस्टग्रेस युजरला पासवर्ड बहुधा कधी दिलेलाच नाही.

सर्व्हरवर पीएसक्यूएल उघडा, बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून "पासवर्ड" असं टाइप करा, नवा पासवर्ड दोनदा द्या. "अल्टर युजर" ही कमांड लिहून पासवर्ड बदलू नका, तो पासवर्ड हिस्टरीच्या फाइलीत उघडा पडून राहतो. मग तोच डीबीव्हरमध्ये.

शून्य_रो

नंतर शोधत येणाऱ्यांसाठी: उबंटूवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी असतील तर दुसरी ५४३३ वर बसते. मी एकदा अख्खी दुपार जुन्या, रिकाम्या क्लस्टरला (त्या आवृत्तीच्या डेटाबेसच्या संचाला) क्वेरी मारत बसलो होतो. आणि मायएसक्यूएल ८ (दुसरा एक डेटाबेस) वाल्यांनो, "पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड" आलं तर ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये त्याच नावाची सेटिंग ट्रू करा. टनेलमधून जात असाल तर चालेल, उघड्या नेटवर्कवर मात्र एसएसएल (एन्क्रिप्शन) लावा.

रिपोर्टवाली

जोडलं गेलं!! हिरवी खूण दिसली तेव्हा खुर्चीतून उठले. पण डावीकडे फक्त "पोस्टग्रेस" नावाचा एक डेटाबेस आहे आणि त्यात एकही टेबल नाही. विक्री गायब. माझ्या हातून काही उडालं तर नाही ना? पोटात गोळा आलाय.

जुना_डीबीए

काही उडालेलं नाही. कनेक्शन बनवताना डेटाबेसच्या रकान्यात "पोस्टग्रेस" आधीच भरलेलं येतं, ते तुम्ही तसंच ठेवलंत. तिथे "विक्री" लिहा. सगळे डेटाबेस एकत्र हवे असतील तर सेटिंगमध्ये "शो ऑल डेटाबेसेस" अशी खूण आहे, ती लावा.

पण पोटात गोळा आला ते बरंच झालं, कारण खरी भीती पुढेच आहे. रिपोर्टसाठी लिहिण्याचा अधिकार असलेला युजर वापरू नका. पोस्टग्रेस १४ पासून "पीजी_रीड_ऑल_डेटा" नावाचा तयार रोल (फक्त वाचण्याच्या अधिकारांचा) मिळतो. ज्याच्याकडे ॲडमिन असेल त्याला सांगा, एक नवा युजर बनवून त्याला फक्त हा रोल द्या. तोवर डीबीव्हरमध्ये कनेक्शन रीड-ओन्ली ठेवा आणि प्रकार "प्रॉडक्शन" निवडा. टॅब लालसर दिसतो, हात आपोआप सावध होतो. व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता चालवलेला अपडेट मी स्वतःच्या हाताने पाहिलाय, कसा ते विचारू नका.

रिपोर्टवाली

विक्री सापडली. पहिली क्वेरी मारली, मागच्या महिन्याच्या सीएसव्हीतली बेरीज आणि ही बेरीज तंतोतंत जुळली. नव्या युजरसाठी मेल टाकलाय. एकच राहिलं: जेवून आले की कनेक्शन मेलेलं असतं.

शून्य_रो

मधलं कुणीतरी, फायरवॉल किंवा राउटर, निवांत पडलेली जोडणी तोडतंय. एसएसएचच्या टॅबमध्ये ॲडव्हान्स्डखाली कीप-अलाइव्ह आहे, तिथे ६० सेकंदांचा आकडा द्या. भरण्याआधी एकक बघा, तिथे मिलिसेकंद असेल तर ६००००.