नदीची वाळू विरुद्ध खडी: कंजूष कोणाला म्हणता?

मिशाळ: ‘माशांच्या टाकीत नदीची वाळू-गोटे घालणं हा निव्वळ कंजूषपणा, शहाण्याने खडीच घ्यावी.’ काल इथे हे वाचलं आणि राहवेना. माझे कोरीडोरास (तळाशी चरणारे मिशीवाले छोटे मासे) दोन वर्षं खडीवर होते. वाळू घातली त्याच संध्याकाळी डोळ्यांपर्यंत तोंड खुपसून चाळायला लागले, कल्ल्यांतून वाळू भुरभुर बाहेर. दोन वर्षं बिचाऱ्यांना हे करताच येत नव्हतं! खडीच्या फटींत मात्र उरलेलं खाद्य कुजत होतं. आणि ती निळी-गुलाबी खडी... टाकी आहे की वाढदिवसाचा केक?

जुना टाकीवाला: कंजूष हा शब्द माझाच, मागे घेत नाही. नदीतल्या गोट्यांबरोबर माझ्याकडे चतुराची अळी आली. गप्पीची पिल्लं रोज कमी व्हायची, कारण कळेना. शेवटी रात्री टॉर्च मारला तर बाईसाहेब गोट्याला चिकटून, तोंडात पिल्लू! फटींतली घाण सायफनने, म्हणजे नळीने ओढून, निघते हो. खडीतून पाणी खाली ओढणारा, खडीखालचा फिल्टर बारीक वाळूवर चालवून दाखवा, मग बोलू.

शेवाळ: तो फिल्टर अजून वापरता? धन्य! अळी तुमच्या आळसाने आली. गोटे उकळून घ्यायचे असतात.

जुना टाकीवाला: उकळून?! आत पाणी मुरलेला गोटा तापला की फुटतो. नवशिक्यांना असले सल्ले देऊ नका.

शेवाळ: दहा वर्षं उकळतोय. एकही फुटला नाही.

मिशाळ: माझा फुटलाय. झाकण उडालं, कपची भिंतीवर. तेव्हापासून घासून धुतो आणि कडक उन्हात चांगले आठ-दहा दिवस वाळवतो. (हो, या एका बाबतीत मी टाकीवाल्यांच्या बाजूने. फोटो काढून ठेवा.)

शेवाळ: गॅस मोठा ठेवला असणार.

मिशाळ: तुम्ही होता का तिथे?

पीएचपीडित: उकळण्यावरून डोकी फोडताय, गोट्यावर व्हिनेगर टाकून कोणी पाहिलं का? फेस आला तर चुनखडी. पाणी जड होत जातं, पीएच चढतो. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या सिक्लिड माशांना चालेल, माझ्या टेट्रा माशांना नाही चाललं. आणि फेस नाही आला म्हणजे सुटलात असंही नाही, व्हिनेगर सौम्य असतं.

जुना टाकीवाला: बरं, कोरीडोरासना वाळू. दिली. पण मिशा झिजतात त्या तळाच्या घाणीने, गुळगुळीत खडीने नव्हे. मिशाळराव, त्या दोन वर्षांत सायफन किती वेळा लावलात?

मिशाळ: विषय वाळूचा चाललाय.

शेवाळ: दहा वर्षं. एकही नाही.