जुनी टेक्नॉलॉजी सोडवत नाही + चेन पुसायचा कंटाळा, अजून कोण कोण?

दांडीवरचा_लिव्हर:
मंडळी हसू नका. आमच्या सायकलच्या ग्रुपमधे आता सगळ्यांना डिस्क ब्रेक, मागे १२ स्पीड, एकाचे तर गिअर बॅटरीवर, म्हणजे रात्री मोबाइलशेजारी सायकलपण चार्जिंगला. माझी ऐंशीच्या दशकातली स्टीलची फ्रेम, गिअरचे लिव्हर खाली तिरक्या दांडीवर, तेपण फ्रिक्शनवाले. टकटक वगैरे काही नाही, अंदाजाने सरकवायचं, खडखड थांबली की समजायचं बसला गिअर. सिंहगड चढताना हँडल सोडून हात खाली न्यायचा म्हणजे झोकांडी ठरलेली, तरी बदलावंसं वाटत नाही. आणि चेन... ग्रुपात वॅक्सिंगचा (चेनला तेलाऐवजी मेण लावायचा) विषय निघाला की मी मान डोलावतो, घरी येऊन शिलाई मशीनचं तेल सोडतो, फडक्याने पुसल्यासारखं करतो, झालं. तुम्ही काय लपवून ठेवलंय?

घाटबाज:
फ्रिक्शनला नावं ठेवू नका राव! शिमानोने १९८४ ला ड्युरा-एस या त्यांच्या रेसिंगच्या सेटमधे क्लिकवाले शिफ्टर आणले तोवर बहुतेक जग असंच सरकवत होतं. सायकल उजव्या बाजूला पडली, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) जरा आत वाकला, की क्लिकवाल्याचं गणित बोंबललं, आपण लिव्हर केसभर पुढेमागे करून घरी. मागे ६ चा फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) लावा नाहीतर ७ चा, त्याला काही देणंघेणं नाही.
माझं पाप म्हणजे क्रॉस चेनिंग. पुढे मोठी चकती, मागेपण सगळ्यात मोठी, चेन तिरकी होऊन कण्हत असते पण पुढचा गिअर पाडायचा जिवावर येतो.

छर्रे_आणि_ग्रीस:
जुनं ते सगळं सोनं नसतं हो. कॉटरपिनवाली क्रँक (पाचरीसारख्या पिनेने अडकवलेला पायडलचा दांडा) हातोडीने ठोकून बसवलेली आणि महिनाभरात परत लचकणारी ज्याने वापरलीये तो असं बोलणार नाही. फ्रीव्हीलच्या हबमधे (मागच्या चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचे छर्रे टोकापासून बरेच आत असतात, तिथून पुढे अ‍ॅक्सलला आधारच नाही, खड्ड्यात आपटून वाकतो तो त्यामुळे. पावसाळ्यात रिम ब्रेक (चाकाच्या कडेला रबर दाबणारे) म्हणजे तर चिखल आणि रबराची सँडपेपर, रिमला बोट लावून बघा मधे खळगा पडलाय का, असेल तर चाक बदला, घाट उतरताना फुटली तर काय करणार?
शिलाई मशीनचं तेल फार पातळ, एका सरीत धुऊन जातं. चेन किती ताणलीये ते बघायला टूल नको, शाळेची १२ इंची पट्टी लावा. नवी असेल तर पट्टीचा शून्य एका पिनवर ठेवला की १२ इंचावरही बरोबर पिनच येते. १/१६ इंच सरकली की नवी चेन, १/८ झाली म्हणजे मागचे दातेपण खाल्ले तिने.
(स्वतः मात्र ब्रूक्सचं कातडी सीट वापरतो, पावसात त्याला दुधाची पिशवी. बायको म्हणते माझ्या डोक्याला रेनकोट नाही पण सीटला आहे.)

उत्रेख्तकर:
इकडे नेदरलँड्समधे कुणाला लाज वगैरे वाटत नाही. एकच गिअर, चेनवर पूर्ण झाकण, पायडल उलटं मारलं की ब्रेक. स्टेशनबाहेर अशा गंजक्या सायकलींच्या रांगाच्या रांगा आणि मालक सुटाबुटात. माझ्या चेनला तेल कधी घातलं विचारू नका, झाकणाआड काय चाललंय मला माहीत नाही आणि बघायचंही नाही. पुण्याला आलो की भावाची सायकल घेतो आणि सवयीने पायडल उलटं मारतो, ते मोकळंच फिरतं, पुढे रिक्षा.

दांडीवरचा_लिव्हर:
@छर्रे दादा, पट्टी लावली. १/८ च्याही पुढे निघाली 😐 म्हणजे चेन आणि फ्रीव्हील दोन्ही. दुकानदार म्हणतो त्यापेक्षा नवीन सायकलच घ्या. लिव्हर काढणार नाही एवढं नक्की. ७ स्पीडचा फ्रीव्हील, सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची, हबवर आट्यांनी बसणारा (चुडीवाला), कुणाकडे पडून आहे का?

घाटबाज:
आहे एक, २८ चाच. आवाज करतो पण चालतो. रविवारी खडकवासल्याला चहाला या, घेऊन येतो.