अंतराळात वस्ती करण्याआधी अपयशाचे अहवाल उघड व्हावेत का?

त्रिज्या (धागाकर्ता):

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतराळस्थानकाच्या पहिल्या कक्षाला मंजुरी दिली आणि गगनयान कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर नेली. पहिला कक्ष २०२८ पर्यंत, पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत आणि चंद्रावर भारतीय माणूस २०४० पर्यंत, असे वेळापत्रक जाहीर झालेले आहे. २०२३ च्या अंतराळ धोरणाने तर पृथ्वीबाहेरच्या वास्तव्याचा अभ्यास करण्याचे काम इस्रोकडे सोपवले आहे. या स्वप्नाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न त्यापूर्वीच्या हिशेबाचा आहे.

१८ मे २०२५ रोजी इस्रोचे पीएसएलव्ही-सी६१ हे प्रक्षेपण यान तिसऱ्या टप्प्यात फसले. त्या टप्प्याच्या घन इंधनाच्या मोटारीतला (म्हणजे इंजिनातला) दाब घसरल्याचे इस्रोच्या अध्यक्षांनी त्याच सकाळी सांगितले आणि पुढे रीतसर समितीही बसली. मात्र १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ आकाशात झेपावले तोपर्यंत त्या समितीचा अहवाल जनतेसमोर आलेला नव्हता, आणि हे यानही तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस मार्ग सोडून भरकटले. दोन्ही अपयशांचे कारण एकच असेल असा माझा दावा नाही. तसा दावा करण्याइतकी किंवा खोडून काढण्याइतकी माहितीच आपल्या हाती नाही, हीच तर तक्रार आहे.

इस्रोला हे जमत नाही असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० हे प्रक्षेपण यान अपयशी ठरले तेव्हा चौकशीचा सारांश इस्रोने स्वतःच प्रसिद्ध केला. एका झडपेतून गळती झाली, त्यामुळे द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत आवश्यक तेवढा दाब टिकला नाही आणि क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणारा) टप्पा नीट चाललाच नाही, इतके स्पष्ट त्यात लिहिले होते. झडपेच्या मऊ सीलला इजा झाली असावी, असा संभाव्य दोषही दिला होता. त्या सारांशाने देशाचे काय बिघडले?

उंबरठा:

धागाकर्त्यांशी असहमत. चौकशी हा शब्द आपल्या राजकारणात किती धारदार आहे, याचा विसर पडून चालणार नाही. १९९४ मध्ये नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. क्रायोजेनिक इंजिनाच्या कामात मुरलेला हा शास्त्रज्ञ जवळपास पन्नास दिवस तुरुंगात होता. सीबीआयने १९९६ मध्ये प्रकरण खोटे ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला तेव्हा २०१८ साल उजाडले होते. केरळच्या सत्ताधारी पक्षातल्या गटबाजीने त्या प्रकरणावर पोळी भाजून घेतली ती वेगळीच. उद्या तिसऱ्या टप्प्याच्या अहवालात एखाद्या विभागाचे नाव आले, तर संध्याकाळच्या वाहिनीवर त्याचा घोटाळा व्हायला किती वेळ लागेल?

दुसरे असे की घन इंधनाच्या मोटारींचे तंत्र क्षेपणास्त्रांच्या अगदी शेजारी बसते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये सामरिक आणि वैज्ञानिक हितसंबंधांचा अपवाद काही उगाच घातलेला नाही. झडपेचे सील आणि मोटारीचे केसिंग (बाहेरचे कवच) यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

रूळ:

उंबरठा यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. नारायणन यांच्याबाबत झाली ती पोलिसी चौकशी होती. तिचा रोख माणसावर होता. तांत्रिक चौकशीचा रोख यंत्रावर आणि कार्यपद्धतीवर असतो.

माझे आयुष्य रेल्वेत गेले, म्हणून तिथलाच दाखला देतो. मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणीला येतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. गाडी चालवणाऱ्यानेच गाडीच्या अपघाताचा निवाडा करू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. आयुक्त आले की स्टेशन मास्तरपासून ट्रॅकमनपर्यंत सगळ्यांचे जबाब होतात, रुळावर फूटपट्टी लावून मापे घेतली जातात, आणि आमचे वरिष्ठ त्या दिवशी शक्यतो बाजूला उभे राहतात. इस्रोच्या अपयशाची चौकशी मात्र इस्रोच नेमते. यानात उपग्रह आहेत तोवर हे खपून जाईल. माणसे बसल्यावर कसे खपणार?

उंबरठा:

रेल्वेचे उदाहरण तुम्हीच काढलेत हे बरे झाले. २ जून २०२३ च्या बालासोर अपघातानंतर सुरक्षा आयुक्तांच्या बरोबरीने सीबीआयही आली आणि जुलैत तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांचा दोष होता की नव्हता, हा न्यायालयाचा विषय. परंतु पुढच्या वेळी आयुक्तांसमोर बसलेला सिग्नलचा माणूस मोकळेपणाने बोलेल, की आधी वकील गाठेल? यंत्राकडे आणि माणसाकडे पाहणाऱ्या चौकश्या कागदावर वेगळ्या असतात. आपल्याकडे प्रत्यक्षात त्या एकाच दारातून आत येतात.

सागरगोटा:

कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातील दुसऱ्या कलमानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीने तिथे काहीही केले, तरी आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशाची राहते. आता आपले २०२३ चे धोरण पाहा. लघुग्रहांवरील किंवा अवकाशातील साधनसंपत्ती मिळवून ती बाळगण्याची आणि विकण्याची मुभा ते खासगी कंपन्यांना देते. त्याच वर्षी जूनमध्ये आपण अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या, अवकाश संशोधनातील सहकार्याच्या आर्टेमिस करारावर सहीही केली. म्हणजे नफा कंपनीचा आणि जबाबदारी सरकारची, पर्यायाने करदात्याची. असे असूनही संसदेने संमत केलेला अंतराळ कायदा नाही. २०१७ चा मसुदा मसुदाच राहिला. उद्या खासगी कक्षात प्राणहानी झाली तर चौकशी कोण करणार, साक्षीला कोणाला बोलावता येणार, अहवाल संसदेसमोर ठेवावा लागणार की नाही, यातले काहीही ठरलेले नाही. (वसाहतीच्या चित्रांत घुमट आणि पालक पिकवणारी हरितगृहे हमखास दिसतात, चौकशी अधिकाऱ्याची खोली कोणी काढलेली मी पाहिली नाही.)

त्रिज्या:

उंबरठा यांची भीती मी नाकारत नाही. म्हणूनच नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाचे उदाहरण पाहावे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. चौकशी मंडळाने ऑगस्टमध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. पाऊण किलोच्या आसपास वजनाचा फोमचा तुकडा पंखावर आदळला, हे त्यात आहेच. पण या अपघातात फोमइतकाच वाटा नासाच्या कार्यसंस्कृतीचा होता, असेही मंडळाने लिहिले. ही दुसरी गोष्ट संस्थेने स्वतःविषयी लिहिली असती का? उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसापासून नासाच्या अभियंत्यांना त्या आघाताची चिंता होती, छायाचित्रे मिळावीत म्हणून त्यांनी विनंती केली होती आणि ती पुढे गेली नाही, हे बाहेरच्या माणसांनी विचारले म्हणून जगाला कळले.

आपल्या संस्थेलाही ही जाण आहे. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांच्या उड्डाणाआधी फाल्कन-९ मध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, तेव्हा ती पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोच्या चमूने धरला. परक्या यानाबाबत आपण जे विचारले, तेच आपल्या यानाबाबत आपल्या नागरिकांनी विचारले तर तो देशद्रोह कसा?

उंबरठा:

देशद्रोह हा शब्द मी वापरला नव्हता. तो परत घ्यावा. बाकी शुक्लांचा मुद्दा मान्य. विमान अपघातांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या परिशिष्ट १३ मध्ये एक तत्त्व आहे की, तपासाचा एकमेव उद्देश पुढचा अपघात टाळणे हा असतो, दोष वाटणे हा नव्हे. तपासात दिलेल्या जबाबांनाही तिथे संरक्षण आहे. अंतराळ कायद्यात हे आले, आणि मोटारीच्या रचनेचा भाग वगळण्याची सोय राहिली, तर सारांश ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याला माझी हरकत राहणार नाही. जबाबांना संरक्षण नसेल तर मात्र एक ओळही प्रसिद्ध करू नये, या मतावर मी ठाम आहे.

रूळ:

आणि आयुक्त कोणत्या मंत्रालयाचा? अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांकडे आहे. त्याच्यापासून स्वतंत्र असा वरिष्ठ सापडणे रेल्वेपेक्षा कितीतरी कठीण जाईल.