मदत हवी आहे: वाचनालयाच्या माळ्यावर घुबडाची पिल्लं

गावातल्या जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत आणि छपराची दुरुस्ती लवकरच सुरू होतेय. पिल्लांच्या अंगावर अजून पांढरी लव आहे, चाहूल लागली की फिस्सकारतात. खाली उंदरांची हाडं नि केस असलेले काळपट गोळे पडलेत. एवढे उंदीर फस्त करणारा पक्षी आपण जपायलाच हवा!

ही पिल्लं साधारण ८-९ आठवड्यांची झाली की उडू लागतात, म्हणजे थोडीच कळ काढायची आहे. पण काही मंडळी ऐकायला तयार नाहीत. छपराचं दुसरं टोक आधी उरकायला सांगावं का? की जवळच पेटी लावून पिल्लं हलवावीत? मग आईबाप तिथे भरवायला येतात का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लवकर सांगा.