कॅलेंडरसाठी फोटोची फाईल मागायलेत, किती सांगू?

गोदाकाठ:
हिवाळ्यात नाथसागरावर फ्लेमिंगो येतेत, त्यांचे फोटो टाकत असतो मी. ते बघून एका बियाण्याच्या दुकानवाल्यानं फोन केला, कॅलेंडरला पाहिजे म्हणे, हजार देतो, ओरिजिनल फाईल पाठवून द्या. तिकडं एका मॅडमला हॉलमधी फ्रेम लावायचीय, त्याबी फाईलच मागायल्या. दोघांना एकच रेट सांगू का? आन एकदा फाईल गेली की आपल्या हातात काय राहतं?

बालाघाट_क्लिक:
एकच रेट अजिबात नाही. मॅडमला घरच्या वापरापुरती फाईल द्या, 12 बाय 18 इंचाची प्रिंट असेल तर 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, तेवढी जेपेग बास झाली, रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) कुणालाच देत नसतेत. मी असल्याला तीन-चारशे घेतो. दुकानवाल्याला आधी विचारा प्रती किती काढणार, आणखी कुठं वापरणार, मगच आकडा सांगा. आन बिलावर असं सरळ लिहा: "हा फोटो फक्त पुढच्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी, 2000 प्रतींपर्यंत, एकदाच छापण्यासाठी दिला आहे. कॉपीराइट फोटोग्राफरकडे." व्हॉट्सॲपवर त्याचं "ओके" आलं का मगच फाईल सोडायची, आणि पैसे त्याच्या आधी!

उदगीरचा_भाऊ:
वरच्या भाऊंचं बरोबर, फक्त "सगळे हक्क दिले" असं चुकूनबी लिहू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे, हक्क लिहून दिले आन मुदत टाकली नाही तर 5 वर्षं धरतेत, प्रदेश टाकला नाही तर अख्खा भारत. तुमचे फ्लेमिंगो तुम्ही स्वतःच्या मनानं काढलेत म्हणून मालक तुम्हीच, पण कुणी पैसे देऊन काढायला बोलावलं, लग्नाचं म्हणा, दुकानातल्या मालाचं म्हणा, तर वेगळा करार नसला की पहिला मालक बोलावणारा, कलम 17. हे लई जणांना माहीतच नसतंय.

परभणी_लेन्स:
हाच फोटो स्टॉक साईटवर, म्हणजे ऑनलाईन फोटो विकणाऱ्या साईटवर, टाकलाय का? टाकला असेल तर दुकानवाल्याला "फक्त तुम्हालाच दिला" असा शब्द देऊ नका, तिथं रॉयल्टी फ्री, म्हणजे एकदा पैसे भरून पुन्हा पुन्हा वापरायला, कुणीबी घेतंय. तसंबी शटरस्टॉक विक्रीतले 15 ते 40 टक्के देतं आन जानेवारी आली की लेव्हल (टक्का ठरवणारा टप्पा) परत खाली, ॲडोबी स्टॉकला फोटोचे 33 टक्के. चिल्लर जमा होते तिथं, गावातलं गिऱ्हाईकच परवडतंय. आणि माळेगावच्या यात्रेतले चेहरे जाहिरातीला द्यायचे असतील तर त्या माणसाची सही घेतल्याशिवाय देऊ नका, पक्षी काय सही मागत नाहीत.

गोदाकाठ:
आत्ताच विचारलं त्याला. प्रती 5000, आन बियाण्याच्या पिशवीवरबी छापायचाय म्हणे, हे आधी बोललाच नव्हता लेकाचा.

बालाघाट_क्लिक:
बघा! पिशवीचं बिल वेगळं, कॅलेंडरपेक्षा जास्त आन वर्षाच्या मुदतीवर. हजारात बसत नाही म्हणावं.