मदत हवी आहे: कर्क्युमिनची गोळी की घरचीच हळद?

कोथरूडकर: बाबांचं वय 68, वजन 62 किलो. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल 75 (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी) रोज चालू आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात एक खडा दिसलाय, त्रास नाही. टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींनी स्मरणशक्तीसाठी कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) सुचवलंय. बाटलीवर ‘हळद अर्क 500 मि.ग्रॅ., कर्क्युमिनॉइड्स 95%, पायपरिन 5 मि.ग्रॅ.’ असं छापलंय. सुरू करावी का? की हळदीच्या दुधाने भागेल?

गुंजभर: दुधातून तेवढं जातच नाही. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण 3%. चमचाभर म्हणजे 3 ग्रॅम धरा, त्यात 90 मि.ग्रॅ. तुमच्या गोळीत 475, म्हणजे पाच चमच्यांहून जास्त हळद. एवढी पिठल्यात घातली तर कुत्रंही खाणार नाही. (नुसतं ‘हळद चूर्ण 500’ लिहिलेल्या गोळीत जेमतेम 15 निघतं, तेही महागात.)

कर्क्युमिन एकटं रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून मिरीतलं पायपरिन घालतात. 1998 च्या बंगळुरूच्या अभ्यासात 2 ग्रॅमबरोबर 20 मि.ग्रॅ. पायपरिन दिल्यावर शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं होतं. पण तेच पायपरिन यकृतातले एन्झाइम अडवतं आणि इतर औषधांचंही गणित बिघडवतं.

स्मरणशक्तीसाठी ज्याचा दाखला देतात तो लॉस एंजेलिसचा 2018 चा अभ्यास 40 जणांवरचा. 90 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, 18 महिने, तेही चांगलं शोषलं जाणारं खास कर्क्युमिन. फरक दिसला, पण तो या बाटलीला चिकटवता येत नाही.

खलबत्ता: आधी खड्याचं बघा. 20 मि.ग्रॅ. कर्क्युमिननेही पित्ताशय आकुंचन पावतं. खडा नळीत सरकून अडकला की कळा आणि कावीळ. त्यात क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. युरोपात रोजची मर्यादा किलोमागे 3 मि.ग्रॅ. धरतात, बाबांसाठी 186. गोळी त्याच्या अडीचपट. माझं मत स्पष्ट: नको.

कोथरूडकर: कार्डिओलॉजिस्टना बाटलीच दाखवतो. आमटी-भाजीतली हळद चालेल ना?

खलबत्ता: फोडणीतली चिमूटभर खुशाल चालू द्या. सुट्या पुडीपेक्षा हळकुंडं आणून दळून घ्या, पण फार चकचकीत, पिवळीजर्द नकोत. लेड क्रोमेट चोळून तसा रंग आणतात, आणि ते शिसं पोटात जातं.

गुंजभर: टेकडीवर ज्यांची गोळी चालू आहे त्यांनाही सांगा: भूक मेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली की गोळी त्याच दिवशी बंद आणि एसजीपीटी, बिलिरुबिन (यकृताच्या रक्तचाचण्या) तपासायचं. यकृताचा त्रास बहुधा 1 ते 4 महिन्यांनी उमटतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात काही झालं नाही याला अर्थ नाही.